चवदार तळ्याचे महाड



महाड हे सावित्री नदीकाठचे, भातशेतीच्या मुलखातले छोटे शहर. जवळच गांधारपाले येथे बौद्ध लेणी आहेत. म्हणजे जिथे एकेकाळी भिक्खूसंघ राहिला, तिथेच आमच्या बापजाद्यांना तळ्याचे पाणी बंद झाले! गुरेढोरे पाणी पीत, माणसाला मात्र मनाई.

१९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केले, पण ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, मागोमाग जमलेला समाज पाणी प्याला. त्यावर आपल्या लोकांना मारहाण झाली, तळे ‘शुद्ध’ केले गेले, नगरपालिकेने ठरावही फिरवला. मग कोर्टकचेरी. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

आज सावेडीत आपल्या नळाला मुळा धरणाचे पाणी येते. पण ठराव होणे वेगळे आणि हक्क हाती येणे वेगळे, हे महाडने शिकवले. ते घरी पोराबाळांना सांगू या, एकदा त्यांना तळे दाखवू या.

जयभीम! नमो बुद्धाय!