फिल्टर काढा, मग नाव भरा

(बीड जिल्ह्यातील एका वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, संक्षेपाने)



टेबल म्हणजे काय, रेकॉर्ड म्हणजे काय, हे मी सांगत बसत नाही. समोर निम्मे लोक ग्रामसेवक आणि सेतूवाले दिसताहेत. (हशा) माझं म्हणणं एकच आहे आणि जाईन तिथं मी ते मांडतो: बघायचा फॉर्म वेगळा ठेवा, भरायचा वेगळा.

ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्राममधला साधा फॉर्म घ्या. ‘गाव’ या रकान्यावर तुम्ही वडवणीचा फिल्टर लावलाय. बाकीची गावं पुसली गेली नाहीत, टेबलात जिथल्या तिथं आहेत. फॉर्मवर मात्र दिसत नाहीत. खालचा आकडासुद्धा गाळून उरलेल्या नोंदींचाच. अशात धारूरची एक बाई येते. तिचं नाव शोधलं, सापडेना. नवी नोंद केली. फिल्टर नवी नोंद अडवत नाही. ती मुकाट्यानं जतन होते. पण फॉर्म ताजा केला की गायब, कारण गाव धारूर! ऑपरेटरला वाटतं, सेव्हच झालं नाही. तो पुन्हा भरतो. आणि ‘डेटा एंट्री’ हा गुणधर्म ‘येस’ केलात, तर जुनं काहीच दिसत नाही, नुसता कोरा फॉर्म.

(मागून आवाज: “आधार नंबर टाकला की कळतं!”)

कळतं ना, त्या रकान्याला दुबार न चालणारा इंडेक्स लावला असेल तर. मी ऑपरेटरला बोल लावत नाही हो. फॉर्म बांधणाऱ्याशी माझं भांडण आहे.

आता हे बीडमध्येच का सांगायचं? दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली गावं ऊसतोडीसाठी रिकामी होतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर; नाव नवऱ्याचं. बाई पहाटे फडात उतरते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते; वहीत ती वेगळी दिसत नाही. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हा या जिल्ह्यात ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. बाईगणिक विचारलं, म्हणून हा आकडा बाहेर आला. फॉर्मवर ‘कुटुंबप्रमुख’ असा फिल्टर ठेवून ही माहिती भरायला बसलो असतो, तर यांतल्या कितीजणी आपल्याला दिसल्या असत्या? त्या शिवारात राबत होत्या, आजारी होत्या, आपल्यासमोर रांगेत उभ्या होत्या, आणि पडद्यावर…

चिठ्ठी आलीय. दोन मिनिटं. कोयत्याबद्दल अजून पुष्कळ बोलायचं होतं, राहू द्या.

तेवढी कामाची गोष्ट ऐका. ‘फिल्टर ऑन लोड’ ‘नो’ ठेवा. नाव शोधायचं ते सगळ्या टेबलात. फिल्टर चालू असेल तर फॉर्मच्या माथ्यावर लाल अक्षरात तसं दिसू द्या. सध्या माणसं गावात आहेत. गाळप सुरू व्हायच्या आत नवऱ्याची आणि बायकोची नोंद वेगवेगळी भरून घ्या. प्रश्न बाहेर अंगणात विचारा, मी थांबतो.