गावरान कुत्र्यांची वास-शोध स्पर्धा



२०१८ साली आपल्या पांढरकवडा-राळेगाव भागात वाघिणीला शोधायला परदेशी जातीचे कुत्रे आणले होते, ते तुम्हांला आठवत असेल. वास काढणं हे अशा महागड्या कुत्र्यांचंच काम, असं पुष्कळांना वाटतं. पण आपल्या दारातला गावरान कुत्राही नाकानंच जग ओळखतो. त्याला कुणी काम देत नाही, दगड मात्र मिळतात.

म्हणून आमच्या महिला मंडळानं या हिवाळ्यात गावातल्या कुत्र्यांसाठी वास शोधायची स्पर्धा ठरवली आहे. घरच्या कुत्र्यांचा हा खेळ अमेरिकेत वीसेक वर्षांपूर्वी सुरू झाला. तिथं जे ठरावीक वास वापरतात, त्यांत लवंगेचं तेलही असतं. ते औषधाच्या दुकानात मिळतं. कापसाला तर यवतमाळात तोटा नाही.

आधी महिनाभर सराव हवा. भोकं पाडलेल्या डबीत तेलाचा एखादा थेंब लावलेला बोळा ठेवा. शेजारी भाकरीचा तुकडा ठेवून डबी खोक्यात लपवा. कुत्रा हमखास शोधू लागला की तुकडा लपवणं थांबवा. वास सापडला की तिथंच हातानं द्या. तेल त्याच्या नाकातोंडाला लागू देऊ नका.

स्पर्धेच्या दिवशी शाळेच्या पटांगणात सारखी दहा खोकी मांडायची. एकात वासाची डबी, बाकीच्यांत कोरा बोळा घातलेल्या तशाच डब्या. वासाच्या डबीला हात लावणारीनं इतर खोक्यांना शिवायचं नाही. डबी कुठं आहे हे कुत्रा आणणारीला ठाऊक नको. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी मागं उभं राहायचं, कारण कुत्रा माणसाची नजर ओळखतो.

एका वेळी एकच कुत्रा, दोरीला बांधलेला. वेळ तीन मिनिटं. मालकिणीनं खोकं दाखवून ‘सापडलं’ म्हणायचं, पंचांनी हो की नाही ते सांगायचं. बरोबर दाखवणाऱ्यांत कमी वेळ लागला तो पुढं. कुत्र्यानं खोक्यावर मुतलं तर खोकं बदलायचं. दोरीला हिसका दिला किंवा हात उगारला, तर ती जोडी बाद. उन्हात धापा टाकणाऱ्या कुत्र्याला वास नीट घेता येत नाही, म्हणून सगळं सकाळी नऊच्या आत आटपायचं. बाकीचे कुत्रे एकमेकांपासून लांब, सावलीत बांधायचे. पाणी ठेवायचं.

आजारी कुत्रा, माजावर आलेली कुत्री आणि चावरं जनावर आणू नये. रेबीजची लस दिल्याचा कागद दाखवल्याशिवाय आम्ही नाव लिहून घेणार नाही. त्यासाठी स्पर्धेच्या महिनाभर आधीच पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. बक्षीस एकालाच मिळेल; पण या निमित्तानं गावातली कुत्री टोचून झाली, तर शाळेत जाणाऱ्या लेकरांची काळजी कमी होईल.

तुमच्या गावच्या मंडळानंही करून पाहावं.