थकव्यामागे थायरॉइड तर नाही?



चाळिशी ओलांडलेली एखादी बाई म्हणते, "हल्ली सकाळी उठवतच नाही." घरचे म्हणतात, वय झालं. केस गळतात, तर पाणी बाधलं. वजन वाढलं, तर भात जास्त होतोय. पोट साफ होत नाही, तर पालेभाजी खात नाहीस. सगळ्यांना पंखा हवा असतो आणि ती मात्र चादर ओढून बसते, तर तिची प्रकृतीच थंड! प्रत्येक तक्रारीला घरात उत्तर तयार असतं आणि एकेकटं ते पटतंही. त्यामुळेच थायरॉइडचा आजार वर्षानुवर्षं लपून राहतो. माझी विनंती आहे, या तक्रारी सुट्या सुट्या धरू नका. एका कागदावर एकाखाली एक लिहून पाहा.

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या जरा खाली ही ग्रंथी असते. तिचं संप्रेरक शरीराच्या कामाचा वेग ठरवतं. ते कमी पडलं की सगळंच मंदावतं. नाडी सावकाश चालते, त्वचा कोरडी पडते, आवाज घोगरा होतो, सकाळी चेहरा आणि पापण्या सुजलेल्या दिसतात. पाळीत अंगावरून जास्त जातं. बोलता बोलता नावं आठवत नाहीत. हे इतकं हळूहळू होतं, की रोज बघणाऱ्यांच्या नजरेत येत नाही, दोन वर्षांनी भेटलेली मावशी मात्र दारातच विचारते, "अगं, तुझा चेहरा असा का झालाय?" म्हणून एखादा जुना फोटो शेजारी धरून आरशात पाहा.

सगळ्यात वाईट वाटतं ते मनाच्या लक्षणांबद्दल. उदास वाटणं, कशातच रस न उरणं, कामं रेंगाळणं. अशा सुनेला आपण सरळ आळशी ठरवतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काही जणींची थायरॉइड बिघडते. आधी धडधड आणि चिडचिड, मग मरगळ, असंही होतं. त्या बाईला बोल लावण्याआधी तिचं रक्त तपासा.

संप्रेरक जास्त झालं तर चित्र उलटं. भूक भरपूर, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. छाती धडधडते, हात थरथरतात, घाम फुटतो, झोप येत नाही, काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. वयस्कर माणसांत मात्र यातलं फारसं काही दिसत नाही. नुसतं वजन उतरतं किंवा हृदयाचे ठोके अनियमित होतात.

आरशासमोर मान किंचित मागे करून पाण्याचा घोट घ्या. गिळताना गळ्यात एखादी गाठ वर-खाली सरकताना दिसली, तर डॉक्टरांना दाखवा.

पुष्कळांना वाटतं, आयोडीनचं मीठ खातो, मग हा आजार कसा होईल? डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात काम केलं आणि आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो, हे दाखवून दिलं. ते मीठ खायलाच हवं. पण शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते, तो आजार मिठाने टळत नाही. जपानचे डॉ. हाशिमोटो यांनी त्याचं वर्णन 1912 साली केलं होतं. आईला किंवा बहिणीला थायरॉइडचा त्रास असेल, तर आपण अधिक सावध राहायचं.

तपासणी साधी आहे: रक्तातलं टीएसएच. ग्रंथी कमी काम करू लागली की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तिला जोराने हुकूम सोडते, म्हणून हा आकडा बहुधा वाढतो. ग्रंथी जास्त काम करत असेल, तर तो घटतो. त्याबरोबर हिमोग्लोबिनही पाहा, कारण आपल्याकडे बायकांच्या थकव्यामागे रक्त कमी असणं हे कारण फार वेळा सापडतं. केस गळले म्हणून शेजारणीची थायरॉइडची गोळी मात्र घेऊ नका.

कमी थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा त्यानंतर अर्ध्या-एक तासाने. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. रिपोर्ट नॉर्मल आला, की अनेकजणी गोळी बंद करतात. पण तो नॉर्मल येतो, तो गोळीमुळेच. गोळी चालू असताना दिवस राहिले, तर ती थांबवू नका आणि लगेच डॉक्टरांना भेटा, कारण सुरुवातीचे तीन महिने बाळाला आईच्याच संप्रेरकावर भागवावं लागतं आणि बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो. बाळ जन्मल्यावर त्याचीही टीएसएच तपासणी झाली का, हे दवाखान्यातून घरी निघण्याआधी विचारून घ्या.