कायद्याआधीचे चार शुक्रवार



नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं, की नेवासे तालुक्यात घोडेगाव लागतं. शुक्रवारी इथे म्हशींचा बाजार भरतो. गिऱ्हाईक कास चाचपतं, दात बघतं, कितव्या वेताची, दूध किती, गाभण आहे का, हे विचारतं. त्याच गर्दीत भाकड जनावरंही विकायला उभी असतात. भाकड विकायची, आलेल्या पैशात भर घालायची आणि दुभती दावणीला आणायची, हे दूधधंद्याचं जुनं गणित.

या गणितातली एक पायरी २३ मे २०१७ रोजी दिल्लीत काढून घेतली गेली.

प्राण्यांच्या छळाला आळा घालणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली केंद्राने गुरांच्या बाजारांसाठी नवे नियम काढले. कत्तलीसाठी बाजारात जनावर विकायचं नाही, विकणाऱ्याने तसं लिहून द्यायचं, घेणाऱ्याने सहा महिने ते पुन्हा विकायचं नाही. गुरांच्या व्याख्येत गाय-बैलांबरोबर म्हैसही होती. म्हशीच्या कत्तलीला महाराष्ट्रात परवानगी घेऊन मुभा आहे आणि म्हशीच्या मांसाची परदेशी निर्यातही चालते. म्हणजे जे काम कायदेशीर, त्याचा बाजार मात्र बेकायदा! आठवड्याभरात मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने स्थगिती दिली. ११ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर लागू केली.

मसुदा लपवलेला नव्हता. जानेवारी २०१७ मध्येच तो राजपत्रात आला होता आणि हरकतींसाठी ३० दिवस होते. पण राजपत्र वाचून बाजाराला निघणारा शेतकरी कुठे भेटणार?

खरं तर त्याआधी तीन वर्षं, फेब्रुवारी २०१४ मध्ये, केंद्राने कायदा करण्यापूर्वीच्या सल्लामसलतीचं धोरण ठरवलं होतं. मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, सोबत सोप्या भाषेत टिपण द्यावं, खर्चाचा आणि पर्यावरण, मूलभूत हक्क व लोकांच्या पोटापाण्यावर होणाऱ्या परिणामांचा अंदाज त्यात मांडावा, असं ते सांगतं. मात्र ते धोरण आहे, कायदा नाही. पाळलं नाही म्हणून विधेयक अडत नाही.

अंदाज बांधला तरी तो शिळा होतो, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. गायीच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी होती. वळू आणि बैलांनाही ती लागू करणारं दुरुस्ती विधेयक विधिमंडळाने १९९५ मध्ये मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५ मध्ये. मधल्या वीस वर्षांत नांगरटीला ट्रॅक्टर आला, बैलजोड्या कमी झाल्या, चारा महागला. थकलेला बैल सांभाळण्याचा खर्च बदलला, विधेयक तेच राहिलं. पुढे मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण परराज्यात कत्तल झालेल्या जनावराचं मांस बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं.

२०१२ च्या पशुगणनेत राज्यात गोवंश सुमारे १५५ लाख होता, २०१९ मध्ये सुमारे १४० लाख. म्हशी मात्र ५६ लाखांच्या आसपासच राहिल्या. ही घट कायद्यामुळे झाली, असं एका दमात म्हणता येत नाही. याच काळात मराठवाडा आणि नगर भागाने दुष्काळाची वर्षं काढली, ट्रॅक्टरही वाढले. दुष्काळाचा वाटा किती आणि बंदीचा किती, हे आता वेगळं काढणं अवघड आहे. त्यासाठी आधीची मोजदाद लागते: गावात भाकड जनावरं किती, ती कोण घेतं, काय भावाने, आणि विकली गेली नाहीत तर रोजचा चारा किती रुपयांचा.

ही माहिती मंत्रालयात मिळत नाही, पण बाजारात उघड्यावर असते. मसुद्यासाठी ठेवलेल्या ३० दिवसांत घोडेगावला निदान चार शुक्रवार येतात. पशुसंवर्धन खात्याचा एक माणूस वही घेऊन चारही शुक्रवारी तिथे उभा राहिला, विकल्या गेलेल्या भाकड म्हशी त्याने मोजल्या आणि संध्याकाळी तशाच टेम्पोत चढवून घरी नेलेल्याही मोजल्या, तर टिपणाचं पहिलं पान तिथेच लिहून होईल.