पप्पांचं नाक आणि बाटलीचं बूड

आज पाहुणा-बिहुणा कुणी नाही, मी एकटीच बोलणार आहे. बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "प्लास्टिक रिसायकल होतं म्हणजे नक्की काय होतं गं?" गुगल करून उत्तर देता आलं असतं. पण मी भंगारवाल्याची मुलगी आहे. हे मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. "पप्पांचा बिझनेस आहे," एवढंच म्हणायचे आणि विषय बदलायचे. तर आज दुकानातलंच सांगते.

आमचं दुकान सांगलीत आहे. पत्र्याचं शेड, पुढे वजनकाटा, मागे पोत्यांची थप्पी. सकाळी कचरा वेचणाऱ्या आक्का पोती घेऊन येतात. पप्पा पोतं ओततात आणि हात चालायला लागतो. पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्या एकीकडे, ते पेट. शाम्पूच्या, फिनेलच्या बाटल्या दुसरीकडे, ते एचडी. मोडक्या खुर्च्या, डबे म्हणजे बहुतेक पीपी. पिशव्या म्हणजे एलडी. बाटलीच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो बघा, १ ते ७, तो ह्याच्यासाठीच. पण निम्म्या मालावर आकडा पुसलेला असतो, नाहीतर बूडच फुटलेलं असतं.

मग ओळखायचं कसं? एक म्हणजे पाणी. एचडी, पीपीचे तुकडे तरंगतात, पेट बुडतं. दुसरं म्हणजे आवाज. पप्पा डबा नुसता काट्यावर आपटून सांगतात. आणि अगदीच अडलं तर लायटर. तुकड्याला कडेला जरा आच द्यायची, विझवायचं, वास घ्यायचा. मेणबत्तीसारखा वास आला तर एचडी किंवा एलडी. नाकात झोंबणारा, तिखट वास आला तर पीव्हीसी, बाजूला टाका. तीस वर्षं पप्पांनी हेच केलं. कुठलंही मशीन नाही, नुसतं नाक. (तुम्ही घरी हे करू नका हां, का ते येतंच पुढे.)

इथून माल गठ्ठे बांधून पुढे जातो. तिथे ग्राइंडरमध्ये भुगा होतो, गरम पाण्यात धुतला जातो. एचडी, पीपी वितळवून त्याचा दाणा करतात. साबुदाण्यासारखा दिसतो. त्या दाण्यातून बादल्या, पाइप, दोऱ्या, कुंड्या. पेटचा मात्र धागा निघतो. उशीतला, टेडीतला तो पांढरा भुसभुशीत कापूस असतो ना, त्यातला बराचसा आपल्या बाटल्यांचाच. २०१५ च्या वर्ल्ड कपला आपल्या टीमची जर्सी बाटल्यांपासून केलेल्या पॉलिस्टरची होती. पप्पा तेव्हा सगळ्या मॅच बघताना म्हणायचे, "ह्यात आपली एखादी बाटली आसंल बघ." आम्ही हसायचो.

आता मेन गोष्ट. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत पप्पांना करोना झाला. बरे झाले, देवाची कृपा. पण वास गेला. आम्हाला वाटलं, येईल महिन्या-दोन महिन्यांनी. नाही आला. आणि पप्पांनी कुणाला सांगितलंच नाही की लायटरचं काम आता जमत नाहीये. नुसतं अंदाजाने टाकत राहिले.

त्या पावसाळ्यात पेटची एक अख्खी गाडी परत आली. का? आत पीव्हीसी सापडलं. आता इथे गंमत अशी आहे, म्हणजे गंमत कसली, की पेट आणि पीव्हीसी दोन्ही पाण्यात बुडतात. टाकीत वेगळे होतच नाहीत. दिसायलाही दोन्ही काचेसारखे पारदर्शक. पण पेट वितळायला साधारण २५० अंश लागतात, आणि पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधीच जळायला लागतं. त्यातून आम्लाची वाफ निघते, मशीन खराब होतं, धाग्यात काळे ठिपके येतात. टनभर मालात मूठभर पीव्हीसी आलं तरी सगळी वाट लागते. जाण्यायेण्याचं भाडं आमच्या अंगावर पडलं, आणि तोच माल पडेल भावाने विकावा लागला.

त्या रात्री पप्पा जेवले नाहीत. मग हळूच म्हणाले, "पोरी, उद्यापासून जरा दुकानात येत जा. वास तेवढा घेत जा."

गेले मी. पंधरा दिवस लायटर घेऊन बसले. चौथ्या दिवसापासून डोकं दुखायला लागलं, घशात सारखी खवखव. आईने ऐकलं आणि ती दुकानातच येऊन भांडली. "बापाचं नाक गेलं, आता पोरीचं घालवताय काय?" पप्पा म्हणाले, माझं करोनानं गेलं. आई म्हणाली, तीस वर्षांच्या धुरानं गेलं. ह्यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

मग मी मोबाईलवर शोधाशोध केली आणि इतकी सोपी गोष्ट सापडली की मला स्वतःचाच राग आला. तुमच्या हातात पाण्याची बाटली असेल तर आत्ता उलटी करा. बुडाच्या मधोमध एक छोटा टिपका दिसेल, उंचवटा. ते पेट. पीव्हीसीच्या बाटलीच्या बुडाला टिपका नसतो, आडवी रेघ असते, जोडाची. शिवाय पीव्हीसी वाकवलं की घडीवर पांढरी रेघ उमटते. झालं! ना लायटर, ना धूर. आणि बाटलीवरचं ते घट्ट चिकटलेलं रंगीत वेष्टन असतं ना, ते पुष्कळदा पीव्हीसीचं असतं. परत आलेल्या गाडीत तेच जास्त असणार असा माझा अंदाज आहे. आता काटा करायच्या आधी आम्ही ते ब्लेडने काढतो. वेळ जातो, पण काढतो.

कुरकुरीत पाकिटांचं काय, असं विचाराल. ती आम्ही घेत नाही. प्लास्टिक आणि चंदेरी थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की सुटे करायला परवडत नाही, आणि पुढे गिऱ्हाईकही नाही. आक्का पोत्याच्या तळाशी लपवून आणतात, वजन वाढावं म्हणून. पप्पांना दिसतं. कधी बोलतात, कधी नाही.

पुढची गाडी आम्ही दोघांनी मिळून भरली, एकेक बूड बघून. चार दिवसांनी फोन आला. ओलाव्याचे पैसे कापले, ते कापतातच. पीव्हीसीचा विषय निघाला नाही. पप्पांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "चहा टाक."

आता लग्नाला गेलं तरी ते पंगतीत बाटली उलटी करून बघतात. आई डोळे वटारते. बरं, चला, थांबते इथेच. दहा वाजलेत, खाली टेम्पो आलाय आणि मला हाका सुरू झाल्यात. भेटू पुढच्या भागात!