शाळेत जाणे आणि शिकणे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आपण आताच केला. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु मी ज्या मुलांविषयी बोलणार आहे, ती या व्यासपीठावर कधी येत नाहीत. ती नेमाने शाळेत जातात, वर्षामागून वर्षे वरच्या इयत्तेत चढतात, आणि तरीही त्यांना धड वाचता येत नाही.

प्राथमिक शिक्षण सर्वांस मिळावे, हा विचार आपणांस नवा नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्याची मागणी केली. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानात ते सक्तीचे केले. शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीरात तोच मार्ग धरला. नामदार गोखल्यांनी १९११ साली मांडलेले बिल मात्र पुढील वर्षी फेटाळले गेले. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने दहा वर्षांची मुदत घातली, ती टळून गेली. हक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. एवढ्या दीर्घ खटपटीनंतर मुले शाळेत आली. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातील सहा ते चौदा वयाची शेकडा ९८ मुले पटावर आढळली. पण त्याच पाहणीत पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता आला नाही. पट भरला, पाटी मात्र कोरीच राहिली!

हे दुखणे केवळ आपल्या देशाचे नव्हे. आफ्रिकेतील केनिया देशात, काही खेड्यांतील शाळांना पाठ्यपुस्तके फुकट देऊन पाहण्यात आली. परिणाम काय झाला? जी मुले आधीच पुढे होती, त्यांनाच लाभ झाला. पुस्तके इंग्रजीत होती, आणि पुष्कळ मुलांना ती वाचताच येत नव्हती. तात्पर्य, केवळ साहित्य वाटल्याने विद्या येत नाही.

मग उपाय कोणता? तो आपल्या मुंबईतच सापडला आहे. ‘प्रथम’ या संस्थेने मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांचा गट वेगळा बसवून, वस्तीतीलच शिकलेल्या मुलीकडून त्यांस रोज दोन तास वाचन व अंकगणित शिकविण्याचा उपक्रम चालविला. या मुलींस ‘बालसखी’ म्हणत. २००१ ते २००३ या काळात मुंबई व बडोदे येथे त्याची रीतसर परीक्षा झाली, तेव्हा सर्वांत मागे असलेल्या मुलांचीच प्रगती सर्वाधिक आढळली. पुढे ही पद्धत आफ्रिकेतील झांबियानेही स्वीकारली. मुलाची इयत्ता कोणती हे न पाहता, त्याला काय येते ते पाहून तेथूनच शिकवावे, एवढेच त्यातील मर्म आहे. ज्यांनी असे प्रयोग पारखले, त्या अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व मायकेल क्रेमर यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या मंडळाविषयी. आपला शिष्यवृत्ती फंड शालान्त परीक्षेनंतर सुरू होतो. जे मूल तिसरीतच मागे पडले, ते त्या दारापर्यंत पोचतच नाही. म्हणून माझी नम्र सूचना अशी की, फंडाचा काही भाग आपल्या मूळ गावी वाचनवर्ग चालविण्यासाठी राखून ठेवावा. त्यासाठी इमारत नको. देवळाची ओसरी पुरे. गावातीलच शिकलेल्या मुलीस मानधन द्यावे, आणि दर तीन महिन्यांनी आपल्यापैकी कोणी जाऊन प्रत्येक मुलाचे वाचन स्वतः ऐकावे. त्या ओसरीवर ज्ञातीची भिंत मात्र घालू नये. गावचे कोणतेही मूल तेथे बसावे.

पालकांसही एक विनंती आहे. प्रगतिपुस्तकावर विसंबू नका. घरी गेल्यावर आपल्या मुलाच्या हाती दुसरीचे पुस्तक द्या आणि एक पान मोठ्याने वाचावयास सांगा. ते अडखळले तर रागावू नका. रोज अर्धा तास त्याच्याजवळ बसा.

पुढील वर्षी याच व्यासपीठावर, आमच्या गावची इतकी मुले वाचू लागली, असे कोणी सांगितले, तर तो सत्कार मला सर्वांत मोठा वाटेल.