आधी गिऱ्हाईक, मग मशीन



आपल्या यवतमाळच्या शेतांत कपाशी-सोयाबीनच्या जोडीला तूर उभी असते.
ती पोत्यांत भरून बाजार समितीत जाते…
आणि डाळ होऊन, चढ्या भावाने, दुकानात परत येते.

हे मधलं काम गावातल्या तरुणांनी हाती घ्यावं.
अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने त्यासाठी मिनी डाळ मिल तयार केली आहे.
तुरीला ओरखडे पाडायचे.
तेल लावून मुरू द्यायचं.
उन्हात वाळवायचं…
मग भरडायचं.
उरलेली चुणीसुद्धा गुरांच्या खाद्याला विकली जाते.

पण मित्रांनो, आधी गिऱ्हाईक, मग मशीन.
कोण तूर भरडून घेईल? मजुरी किती देईल?
घरोघरी विचारा. वहीत लिहा.
मला तर ही वही कर्जाच्या कागदांइतकीच मोलाची वाटते.

भांडवलासाठी मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे.
तो 2019 मध्ये सुरू झाला.
ग्रामीण भागात प्रकल्प खर्चाच्या 25 ते 35 टक्के अनुदान मिळतं.
बाकी बँकेचं कर्ज…
आणि थोडे स्वतःचे पैसे.

पुन्हा सांगते, आधी गिऱ्हाईक, मग मशीन.
वही भरली, की या अनुदानासाठी जिल्हा उद्योग केंद्रात जा.
तूर खळ्यावर येण्याआधी जा.